हितधारकांची सभा आणि तुझी निळी गाडी

चि. वसंतास,

अक्काचे आशीर्वाद.

तुझा फोन आला, पाठोपाठ तो फोटो आला, पुन्हा फोन आला. म्हणून हे पत्र. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. कागदावर ते उलटे होते, आणि या प्रकरणात तू ऐकणेच जरुरीचे आहे. अस्मिताचा रक्तदाब कसा आहे? तुझे गुडघे? माझे दोन्ही बरे आहेत. तू विचारले नव्हतेस, तरी सांगून ठेवते. (प्रत्येक फोनवर तू आधी गाडी पुसली का ते विचारतोस आणि नंतर मी कशी आहे ते. हा क्रम मी बरीच वर्षे ऐकते आहे.)

फोटोत तुझी मुलगी डोक्याला फेटा बांधून, हातात म्हशीचे दावे धरून उभी आहे, म्हशीच्या शिंगांना रिबिनी आहेत आणि मागे मी टाळ्या वाजवते आहे, हे सगळे खरे आहे. यासाठी पोरीला नगरनियोजनाचे पदव्युत्तर शिक्षण देतोय का, असे तू विचारलेस. होय, यासाठीच. कसे ते सांगते.

भैरवी प्रबंधासाठी माझ्याकडे राहायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने मला कळवले की मी गल्लीत राहत नसून ‘मिश्र वापराच्या अरुंद मार्गावर’ राहते. मी भूगोल घेऊन बी. ए. झाले आणि निवृत्त होईपर्यंत मुलींना तोच शिकवला. आमच्या भूगोलात नद्या, डोंगर आणि माणसे जिथल्या तिथे असत. आपण फक्त ती पाठ करायची. हिच्या शास्त्रात जे जिथे आहे ते तिथे नको असते. पंधरा दिवस ती गल्ली मोजत फिरली. मग तिने संगणकावर ‘प्रस्तावित’ गल्लीचे चित्र काढून मला दाखवले. चित्र सुरेख होते. कुंड्या होत्या, बाके होती, रंगीत फरशी होती. उंच, सडपातळ माणसे पाठीला पिशव्या लावून हसत चालली होती, एक पोर फुगा घेऊन पळत होते. माझ्या दारासमोर अर्ध्या चड्डीतली एक बाई केसाळ कुत्र्याबरोबर धावत होती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. त्यातले एकही माणूस मला ओळखता आले नाही. मी विचारले, ‘‘आणि आम्ही कुठे गेलो?’’ तर म्हणाली, ‘‘आत्या, ही माणसं तयार मिळतात. नुसती चिकटवायची.’’

त्या चित्रात आणखी एक गोष्ट नव्हती. आपल्या कोपऱ्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या राहतात आणि लोक पेला हातात धरून समोर काढलेले दूध तिथेच पितात. (तूही प्यायचास. मिशी फुटण्याआधी तुला दुधाचीच मिशी होती.) त्या जागी भैरवीने ‘शांत बैठक क्षेत्र’ लिहिले होते. म्हशींचे काय, असे मी विचारले. त्या ‘टप्प्याटप्प्याने स्थलांतरित’ होणार होत्या. कुठे, हे प्रबंधाच्या व्याप्तीबाहेर होते.

आता मुख्य अडचण ऐक, कारण ती तुझ्यापर्यंत येते. तिच्या मार्गदर्शकांनी, म्हणजे अभिराम सरांनी, दोन अटी घातल्या होत्या. एक, सर्व हितधारकांची सभा घ्यायची, आणि ती बघायला ते स्वतः पुण्याहून येणार. दोन, सभेत ठरलेली निदान एक गोष्ट परीक्षेआधी गल्लीत प्रत्यक्ष घडली पाहिजे आणि ज्याचा त्या गोष्टीशी संबंध त्याच्या सहीचा कागद प्रबंधाला जोडला पाहिजे. नाही तर सहा महिने पुन्हा. आणि सहा महिने पुन्हा म्हणजे काय, हे तू तिला आधीच बजावून ठेवले होतेस: या खेपेला पास नाही झालीस तर शिक्षण बंद, माझ्या फरशीच्या दुकानात येऊन बस. पोरगी तुझ्या दुकानाला मुळीच भीत नाही असे वरवर दाखवते. पण त्या आठवड्यात तिने ताटात दुसरी भाकरी घेतली नाही.

सभेची बातमी सर्वांना कळावी म्हणून तिने मजकूर तालमीच्या फळ्यासाठी दिला. फळा केरबा लिहितो. केरबा गुळाचा ट्रक चालवतो, आणि ट्रकच्या मागची अक्षरे स्वतः रंगवतो म्हणून फळाही त्याच्याकडे. मजकूर होता: ‘परिसरातील सर्व हितधारकांनी आपल्या जागेच्या नियोजनासाठी उपस्थित राहावे.’ केरबाने विचारले, ‘‘ताई, हितधारक म्हंजे कोण?’’ भैरवी घाईत होती. म्हणाली, ‘‘अहो, शब्दातच आहे की.’’ केरबाने शब्दात पाहिले. त्याला त्यात ‘हितं’ दिसले आणि ‘धार’ दिसली. मग फळा सगळ्यांना कळावा या चांगल्या हेतूने त्याने शुद्ध मराठीत लिहिले: ‘हितं धार काढणाऱ्या समद्यांनी जागा ठरवाय रविवारी सकाळी यावं.’

रविवारी मी दार उघडले तर बाहेर म्हशी. गल्लीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. आपल्याच नव्हेत, शेजारच्या तीन गल्ल्यांतल्याही, कारण जागा वाटून मिळणार ही बातमी फळ्यापेक्षा वेगाने पसरली होती. काहींनी शिंगे रंगवून रिबिनी बांधल्या होत्या, काहींच्या गळ्यात कवड्यांच्या माळा होत्या. सरकारी काम आहे म्हटल्यावर म्हैस नीटनेटकी दिसावी एवढी समज आपल्या लोकांना आहे. भैरवी पायरीवर मटकन बसली. तेवढ्यात सरांची टॅक्सी आली. पुढे सरकता येईना म्हणून ड्रायव्हरने हॉर्न दाबला. आपल्या म्हशी मालकाच्या फटफटीमागे पळायला शिकवलेल्या, त्यांना हॉर्न म्हणजे बोलावणे. त्यामुळे सर उतरले ते म्हशींच्या गराड्यात. ते कौतुकाने म्हणाले की इतकी वर्षे शिकवतो आहे, असा लोकसहभाग पाहिला नाही. (हा मनुष्य थोर आहे की भाबडा हे मला अजून ठरवता आलेले नाही.)

सभा सुरू झाली. भैरवीने नकाशा रस्त्यावर अंथरला आणि विचारले, आपल्यापैकी हितधारक कोण कोण आहेत? धोंडुबाई पुढे झाली. कोपऱ्यावर पहिली म्हैस उभी राहते ती हिची. म्हणाली, ‘‘मी हाय की. माझी सासू हितं धार काढत हुती, आता मी काढतो. माझ्यापरास हितधारक कोण असल तर त्यानं म्होरं यावं.’’ कोणी पुढे आले नाही. सरांनी ते लिहून घेतले.

मग बाकांचा विषय निघाला. तालमीचे बाळासो म्हणाले, ‘‘बाकं कशाला? कट्टा हाय की. बाकावर पाठ टेकली की माणूस झोपतोय, कट्ट्यावर बोलतोय.’’ कुंड्या म्हशी खातील, असे तीन जण म्हणाले आणि एका म्हशीने नमुन्याची कुंडी खाऊन दाखवली. रंगीत फरशीवर शेण पडले तर धुणार कोण, यावर बराच वाद झाला. तो चालू असतानाच धोंडुबाईच्या म्हशीने नकाशावर, बरोबर ‘शांत बैठक क्षेत्र’ लिहिले होते तिथे, आपली सूचना नोंदवली.

इथे तुझ्या मुलीचे मला मोठे कौतुक वाटले. मला वाटले, ही आता रडणार. ती रडली नाही. तिने नकाशाची घडी घातली (कोरडी बाजू वर ठेवून), पदर खोचावा तशी ओढणी खोचली, कट्ट्यावर चढली आणि म्हणाली, ‘‘माझं राहू द्या. तुम्हीच सांगा, या गल्लीत आडवं काय येतंय?’’

वसंता, गल्लीतल्या माणसांचे एकमत मी आजवर पाहिलेले नाही. गणपतीच्या मांडवावरून होत नाही, पाण्याच्या वेळेवरून होत नाही. पण त्या क्षणी झाले. सगळ्यांनी एकाच दिशेला बोट दाखवले. माझ्या दारासमोर, कव्हराखाली, चारी टायर बसलेल्या अवस्थेत, तुझी निळी गाडी उभी आहे.

पुण्याला गेलास तेव्हा तुझ्या सोसायटीत जागा नव्हती म्हणून ती ‘महिनाभर’ इथे ठेवलीस. पुढे दुसरी गाडी घेतलीस, तिला जागा मिळाली. या गाडीतून तुझी आणि अस्मिताची वरात काढली होती, हे मला माहीत आहे. पण तिच्यामुळे म्हशी रस्त्याच्या मधे उभ्या राहतात, म्हशींमुळे रिक्षा वळत नाही, आणि रिक्षा वळत नाही म्हणून मी पिशवी घेऊन चौकापासून चालत येते. सरांनी विचारले, ती गाडी कोणाची आहे, तिचा उपयोग काय? तेव्हा धोंडुबाई म्हणाली, ‘‘आमची म्हस हितं उभी ऱ्हाती ती धार देती. ही कशाची धार देती?’’ सर हसले नाहीत. ते म्हणाले की दोन वर्षे मी वर्गात हेच समजावतो आहे. गाडी कोणाची हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त सरांना ठाऊक नव्हते. मग भैरवीनेच सांगितले, ‘‘माझ्या बाबांची.’’ आणि गाडी हलवण्याच्या ठरावात पहिले नाव स्वतःचे घातले. त्यावर बाळासोंनी आपला फेटा उतरवून तिला बांधला आणि धोंडुबाईने आपल्या म्हशीचे दावे तिच्या हाती दिले. तो हा फोटो.

यापुढे मला फोनवर ओरडू नकोस. अस्मिताला आशीर्वाद.

तुझी,
अक्का

ता. क. खरे काम सांगायचे राहिले. ठरलेल्या सगळ्यांत प्रत्यक्ष घडण्याजोगी गोष्ट एकच आहे, आणि सही लागते ती तुझी. तरी गाडीची चावी आणि संमती लवकर पाठवावी.

ता. क. दुसरे. चावीची गरज नाही. आज सकाळी तालमीच्या पैलवानांनी गाडी हातांवर उचलली. संमतीचेही राहू दे. केरबा गूळ घेऊन पुण्यालाच येत होता, त्याच्या ट्रकमध्ये जागा होती. भैरवी पुढे बसून येते आहे आणि हे पत्र तिच्याच हाती आहे. म्हणजे तू हे वाचत असताना ट्रक तुझ्या सोसायटीच्या फाटकात आडवा उभा असणार. लोक हॉर्न वाजवत असतील तर वाजवू देत, तिथे म्हशी नाहीत.

ता. क. तिसरे. सुपूर्द केले ते येणेप्रमाणे:
निळी गाडी, कव्हरासह.
मागच्या सीटवर व्यालेली मांजर, पिल्लांसह. (वेगळी करू नयेत.)
भैरवीसाठी बाळासोंचा फेटा, कायमचा.
गुळाची ढेप, अस्मितासाठी.

देणार: अक्का.
मिळाले, तक्रार नाही. घेणाऱ्याची सही: ....................
(सही केलेला हा भाग फाडून भैरवीला द्यावा, प्रबंधाला जोडायचा आहे. तोपर्यंत केरबा ट्रक हलवणार नाही.)