सहा दिव्यांची कॅसेट

भाऊ,

तुमची कॅसेट माझ्या हातून पुसली गेली. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण आधी इकडचं तिकडचं लिहीत बसलो तर ते तसंच राहून जाईल. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. दुकानाचं शटर लावून निघालो की मी तीनदा मागं फिरून कुलूप ओढून बघायचो आणि तुम्ही रस्त्यावर उभे राहून म्हणायचात, "आरं, आता त्या कुलपालाच तुजी भीती वाटाया लागली आसंल." तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होऊन गेली. दुकानही राहिलं नाही. मळवलीच्या माझ्या खोलीचं कुलूप मात्र मी अजून तीनदाच ओढतो.

कंपनीनं कमी केल्यावर मी लोणावळ्यात तुमच्याकडं आलो तेव्हा माझं लग्न झालेलं होतं आणि शिक्षण सातवी. रेडिओ, टीव्ही दुरुस्त करायचं दुकान तुमचं. मग ते व्हिडिओ गेम यायला लागले. बंगलेवाल्यांचे पाहुणे ते परदेशातून आणायचे. तिकडची वीज आपल्या निम्म्या जोराची, हे कोणाच्या गावी नसायचं. आपल्या प्लगात खोचलं की धूर. तुम्ही झाकण न उघडता नुसता वास घेऊन सांगायचात, कुठला भाग गेला ते. नंतर नकली मशीनं आली. डब्यावर नऊ लाख गेम लिहिलेले आणि आत तेच पाच गेम फिरून फिरून. गिऱ्हाईक आपल्याशीच भांडायला यायचं. अस्सल मशीनं बनवणाऱ्यांनी एकेक करून ती बनवायचीच सोडली, सुटे भाग मिळेनासे झाले. त्यात आपली ओली हवा. प्लेटांवर पांढरी बुरशी चढायची. पत्र्याच्या ट्रंकेत साठचा बल्ब पेटवून तुम्ही ती मशीनं सुकत ठेवायचात, दमेकऱ्याला शेकावं तशी. "जिथं जन्मली तिथली हवा न्हाई, ईज न्हाई, बनीवणारा इचारत न्हाई," तुम्ही म्हणायचात. "ह्यांच्यापरीस आपलं बरं की रं."

त्यातलंच एक मशीन, आत खेळाची कॅसेट तशीच, कोणी परत न्यायलाच आलं नाही. वर्षभर तुम्ही त्याला हात लावला नाही, मग एका दुपारी जेवणानंतर शटर अर्धं ओढून सुरू केलंत. मला ती दुपार अजून दिसते. चष्मा कपाळावर, तोंडात सुपारी, आणि पडद्यावर हातात दिवा घेतलेला एक ठेंगू माणूस डोंगराच्या पोटात फिरतोय. सात दारं. एक दार उघडलं की नावापुढं एक दिवा लागतो. नावाला जागा चार इंग्रजी अक्षरांची, म्हणून तुम्ही तिथं 'भाऊ' एवढंच लिहिलंत. किती तरी वर्षं, रोज अर्धा तास. सहा दारं तुम्ही उघडलीत. सातवं राहिलं.

तुम्ही गेल्यावर वर्षानं वहिनी भाज्याहून दुकानात आल्या, तुमची हत्यारं न्यायला. तुमचं मशीन मी नुसतं लावून ठेवलं होतं. "हे काय लिवलंय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "भाऊ लिहिलंय." त्यांना वाचता येत नाही, पण त्या काचेजवळ गेल्या आणि त्या चार अक्षरांवरून बोट फिरवलं. मग बोटांच्या पेरांवर दिवे मोजले. हत्यारं तिथंच राहिली. तेव्हापासून दर वर्षी तुमच्या दिवशी त्या येतात, आता मळवलीला. डब्यात कालवण आणि इंद्रायणीचा भात असतो. जुन्या टीव्हीपुढं बसतात आणि म्हणतात, "लाव रं त्यांचं." तुमचा फोटो त्यांच्या घरात आहे, पण म्हणतात, फोटो कोणीतरी काढलेला, हे त्यांनी सोता केल्यालं.

हे सगळं टिकून होतं कॅसेटमधल्या नाण्याएवढ्या सेलवर. सेल संपला की नाव गेलं, दिवे गेले. तो बदलायचा कसा, ते तुम्हीच दाखवलंत. आधी बाहेरून दोन तारांनी दुसरा सेल जोडायचा, मगच आतला काढायचा, म्हणजे कॅसेटला कळतसुद्धा नाही. आणि जोडाचं तर मी जन्मात विसरणार नाही. एकदा गिऱ्हाइकासमोर तुम्ही माझा जोड चिमट्यानं ओढलात आणि तार अलगद हातात आली. "दिसतंय म्हंजी धरलंय, आसं न्हाई," तुम्ही म्हणालात. माझे कान तापले होते. गिऱ्हाईक गेल्यावर तोच चिमटा माझ्या हातात ठेवलात. "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. दर जोड वढून बघायचा."

भाऊ, मागे एकदा मी तो सेल नीट बदलला होता. या जेठात मात्र मनात भीती शिरली. पावसात लाईट जाईल, हवा भिजेल, सेल मधेच उतरेल आणि वहिनी येतील तेव्हा पडदा कोरा असेल. मीटर लावला तर सेल चांगला होता. दुसऱ्या दिवशी लावला, चांगलाच. तरी वडगावला जाऊन नवा आणला आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी कॅसेट उघडून बसलो. बाहेरच्या तारा जोडल्या. चिमटा हातात होता. तुमचं वाक्य कानात होतं. पण वाटलं, ओढलं आणि सुटलं तर? म्हणून ओढलंच नाही. आतला सेल काढला. एक जोड कच्चा होता.

मशीन लावलं तर नावाची जागा रिकामी. मी तीनदा बंद करून लावलं, कुलूप ओढतो तसं. तो काढलेला सेल ट्रंकेत ठेवलाय. अजून मीटर लावून बघतो. अजून चांगला आहे.

मग मी जे केलं ते चोरीसारखं होतं. रिकाम्या जागी मीच 'भाऊ' लिहिलं आणि खेळायला बसलो. इतकी वर्षं मी त्या खेळाला बोट लावलं नव्हतं, तुमचं काही हलेल म्हणून. माझी बोटं चालत नाहीत, दिवा घेतलेला माणूस सारखा खड्ड्यात पडतो. दोन महिने रोज दुपारी बसलो आणि दोनच दारं उघडली. तुमचा दिवस आला.

वहिनींनी पेरं मोजली. "दोनच कसं रं? सा व्हतं न्हवं?"

खरं सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "मशीन म्हातारं झालंय वहिनी. सेल उतरत चाललाय. दिवे विझत जातात."

"येकदमच चार?"

"यंदा पाऊस लय झाला."

त्यांनी पेरांवर पुन्हा मोजलं. मग म्हणाल्या, "म्हंजी फुडल्या साली येक. आन् मंग अंधार. व्हय न्हवं?"

मी व्हय म्हणालो. त्यांनी पदरानं टीव्हीची काच पुसली, डबा माझ्यापुढं सारला आणि म्हणाल्या, "जेव. कसलं तोंड केलंयस? तुज्यामुळं इतकी वर्स तरी टिकलं." भाऊ, तुम्ही एकदा गेलात ते त्यांनी सोसलं. आता तुम्हाला वर्षावर्षानं पुन्हा गमवायला मी त्यांना बसवलंय, आणि त्या माझेच उपकार मानतात. भाजं इथून हाकेवर आहे. रोज ठरवतो की जाऊन सांगावं. फाटकापर्यंत जातो, कुलूप आठवतं, परत येतो.

हा कागद कुठं धाडणार? ट्रंकेत ठेवीन, त्या सेलजवळ, बल्बच्या उबेत. एकच राहिलं. काल दुपारी तिसरं दार उघडलं. मी खोलीत एकटाच ओरडलो, ओट्यावरचं कुत्रं दचकून उठलं. खोटं लिहीत नाही, त्या क्षणी मला तुमची आठवण नव्हती, वहिनींचीही नव्हती. नुसता आनंद झाला होता. मग पडद्यावर नेहमीचा प्रश्न आला, हे ठेवायचं का. तेव्हा आठवलं, दिवे आता कमीच व्हायला हवेत. मी 'नाही' दाबलं.