लेकीच्या हातचे पाणी

मी, निंबा अभिमन बोरसे, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार नरडाणा, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर घरच्यांचे न ऐकता लिहून ठेवतो. हृदय थकले आहे, डोके नाही. तसा दाखला डॉ. दिपमाला यांनी दिला असून त्याच पहिल्या साक्षीदार आहेत.

हा कागद माझ्या मरणानंतर उघडायचा नाही. आजच सर्वांदेखत वाचायचा आहे. माझी मुलगी डॉ. पुनम हिला पुढच्या आठवड्यात दक्षिण सुदानला कामावर हजर व्हायचे आहे, आणि ती माझ्यासाठी थांबते म्हणते. तिने थांबू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

१. सर्व शेतजमीन मुलगा ज्ञानेश्वर यास. ती त्यानेच कसली, त्यामुळे यात मी काही उपकार करत नाही. विहिरीतला माझा अर्धा हिस्साही त्याचा. मात्र माझा धाकटा भाऊ मोतीलाल याचे पाणी त्याने कधी अडवू नये. माझे भांडण मोतीलालच्या जिभेशी आहे, त्याच्या कपाशीशी नाही.

२. राहते घर दोन्ही मुलांना समाईक. माडीवरची खोली पुनमची. ती वर्षातून एकदा आली तरी त्या खोलीत कापूस भरू नये. ज्ञानेश्वर, हे तुलाच सांगतो आहे.

३. धुळ्यातला गाळा पुनमला. तिचा दवाखाना व्हावा म्हणून मी तो घेतला, नावाची पाटीही रंगवून आणली. ती अजून कागदात गुंडाळलेली आहे. इथे काय माणसे आजारी पडत नाहीत, असे मला वाटे. मग एकदा तिने मला सुदानकडच्या काळ्या आजाराविषयी सांगितले. बारीक माशी चावते, महिनोन्महिने ताप उतरत नाही, पोट फुगते, आणि औषध असूनही माणूस जातो, कारण ते घेऊन तिथवर कोणी पोचत नाही. मी विचारले, मग तूच का? ती म्हणाली, "बठ्ठा हाईच इचारतस, आबा." सगळेच असे विचारतात, म्हणून तिथे कोणी पोचत नाही.

त्यानंतर मी पाटीचा विषय काढला नाही. तिची नोकरी सहा-सहा महिन्यांच्या कराराची, पुढचे काही ठरलेले नसते. दोन स्थळे त्यावरूनच मोडली. गाळा तिने भाड्याने द्यावा, विकावा, नाहीतर बंद ठेवावा. तिला कोणी 'आता पुरे' म्हणू नये.

४. आता मुख्य गोष्ट. आमच्या भाऊबंदकीत लेकीने तोंडात पाणी घातल्याशिवाय मयत उचलत नाहीत. माझी पत्नी लताबाई अचानक गेली तेव्हा पुनम काँगोत, इबोलाच्या साथीत होती. त्या रुग्णांना हात लावलेल्या माणसाने तीन आठवडे सर्वांपासून लांब राहायचे असते. इकडे सारे तिच्यासाठी खोळंबले. तिने फोनवर सांगितले, "आबा, मी येवाव नही. मन्हासंगे ताप उना तं बठ्ठं गाव जाई. मायले मन्हाबिगर उचला."

आम्ही उचलले. तेव्हा मोतीलाल चारचौघांत म्हणाला, "कसानी डॉक्टर? मायना तोंडमा पानी टाकाले बी उनी नही." फोन चालूच होता. पुनमने ते ऐकले. तिने मला कधी बोलून दाखवले नाही, पण आज ती का थांबते आहे ते मला कळते.

५. मी गेल्यावर तिची वाट पाहू नये. अग्नी ज्ञानेश्वरने द्यावा. पुनमला खबर द्यावी, पण 'ये' म्हणू नये. तिचे रुग्ण औषधाच्या मधेच सुटले तर दगावतात. ती जवळ नसली की घर मला खायला उठते. ते माझे मी सोसेन, त्यासाठी तिला अडकवू नये.

६. लेकीच्या पाण्याशिवाय जायची माझीही तयारी नाही. म्हणून सही होताच पुनमने मला पाणी पाजावे. तेच माझे शेवटच्या वेळचे पाणी धरावे. त्यानंतर मी दहा वर्षे जगलो तरी त्यात बदल होणार नाही. दुसरा साक्षीदार म्हणून मोतीलालला मुद्दाम बोलावले आहे. या कागदाने त्याला एक पैचाही लाभ नाही, तेव्हा त्याच्या साक्षीवर कोणी शंका घेणार नाही.

ठिकाण: नरडाणा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५
(सही) निंबा अभिमन बोरसे

साक्षीदारांचा लेख: वरील मजकूर निंबाभाऊंनी स्वतः मोठ्याने वाचला व आमच्यासमक्ष सही केली. त्यानंतर पुनमने त्यांना तांब्याने पाणी पाजले. "आबा, आखो देऊ?" असे तिने आणखी पाण्याचे विचारले. भाऊंनी मान हलवली आणि तांब्या रिकामा होईपर्यंत पाणी घेतले.

१. (सही) डॉ. दिपमाला, नरडाणा.

२. (सही) मोतीलाल अभिमन बोरसे, सख्खा भाऊ. पानी मी सोता देखं. पोरले जाऊ द्या.