‘अविवाहित’ मीच लिहायला सांगितलं

रेनाताई,

चीजच्या पुपुसा तव्यावर झाकून ठेवल्यात. खाल्ल्याशिवाय कामावर जाऊ नकोस. नेफ्तालीला इकडे कॅनडात आणायचा माझा अर्ज फेटाळला, तेव्हापासून तू नुसत्या कॉफीवर आहेस.

वकीलबाईंसाठी तू लिहिलेलं पत्र मी पाकिटातून काढून घेतलंय. ‘बहिणीचे इथे कायम राहण्याचे कागद मी भरले, चूक माझी’ म्हणे. तू मला दोनदा विचारलं होतंस, “डेल्मी, लग्न झालंय लिहू ना?” मीच हसले होते. “पाद्र्यापुढे कधी उभे राहिलो आम्ही? अविवाहित लिही.” आपल्या गावात निम्मे संसार असेच चालतात. आम्ही नऊ वर्षं काढली, पण इथे एका छपराखाली वर्षभर राहिलं तरी जोडीदार धरतात आणि तो आधी लपवला तर पुढे बोलावता येत नाही, हे मला काय ठाऊक? आज वकीलबाईंकडे जाऊन हेच खरं लिहून देते. तुझं नाव त्यात येणार नाही. तुझं नागरिकत्व अजून व्हायचंय.

दुपारी नेफ्तालीचा फोन येईल. त्याला काही सांगू नकोस, मी सांगेन. आणि रडू नकोस, तो आवाजावरून ओळखतो.

गंमत बघ, नऊ वर्षांत आईनं एकदा त्याला जावई म्हटलं नाही. आम्ही नवरा-बायको आहोत असं पहिल्यांदा लेखी दिलं ते इथल्या ऑफिसनं, आणि तेही त्याला येऊ द्यायचं नाही म्हणून.

डेल्मी