एक चमचा आंब्याचा चुरा

बाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण मला तुमच्याशी भांडायचं आहे. समोर असता तर तोंडातून शब्द फुटला नसता, तुमच्यापुढं माझी मान आपोआप खाली जायची. परवा शाळेतल्या माझ्या वेळच्या मुलींच्या ग्रुपवर तुमचा हार घातलेला फोटो आला. शाळेत तो लावणार आहेत म्हणे, आणि त्या दिवशी प्रत्येकीनं तुमच्याबद्दल दोन शब्द बोलायचे. एकीनं लिहिलं, बाईंनी कधी कुणाला वेगळं मानलं नाही. त्याखाली जोडलेल्या हातांची नुसती रांग लागली. मग तिनंच फोन केला. म्हणाली, "तू तर बोलच बाई. तुझ्या चुऱ्याला पहिला नंबर दिल्ता ना त्यांनी. आता जालन्यात केकच्या ऑर्डरी घेऊन राह्यलीस, ते कुणामुळं?" मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून डोकं फणफणतंय.

कुणामुळं, हे खरंच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही कुंभार पिंपळगावला तुमच्या मागच्या अंगणात वर्ग घ्यायचात. स्टोव्हवर जर्मनचं मोठं पातेलं, त्यात गोदावरीची वाळू, वाळू तापली की आत वाटी ठेवून वर झाकण. गावात भट्टी नव्हती तेव्हा तुम्ही आम्हाला त्या वाळूत बिस्किटं भाजायला शिकवलंत. बोटांच्या टोकांनी तूप आणि कणीक कशी चोळायची, तळहात लागला की चुरा न होता गोळा कसा होतो, हे अजून माझी बोटं तुमच्याच पद्धतीनं करतात. आणि आमच्या बौद्ध वस्तीतून त्या अंगणात आलेली मी एकटी होते. दुसऱ्या कुणी मला बोलावलं नसतं, तुम्ही बोलावलंत. याच गोष्टीचा मला जास्त राग येतो. तुम्ही सरळ नाही म्हणाला असता तर मी तुम्हाला केव्हाच विसरून गेले असते.

शेवटच्या दिवशी प्रत्येकीनं आपापल्या घरून सामान आणून आंब्याचा चुरा करायचा होता. खाली आंब्याच्या फोडी, वर चुरा, आणि आपल्या दारातला एखादा सुवासिक पाला. उन्हाळा सरत आला होता, गावरान आंबे संपतच आले होते. कुणी तुळस आणली, कुणी पुदिना. मी मोरीच्या कडेचा गवती चहा बारीक कातरून नेला होता. माझ्या आईनं आदल्या दिवशी साखर पाट्यावर वाटली आणि त्यामागून मीठही वाटलं. मीठ चिमूटभरच लागणार होतं, पण तिनं मिठाची पुडी साखरेएवढीच बांधली. म्हणाली, "लोकाच्या घरी मीठ मागायचं न्हाई. उरलं तर उरलं." दोन्ही पुड्या एकाच पेपरच्या, एकाच मापाच्या. पुढं काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. आलं नसेल तर सांगते: मी मिठाची पुडी अख्खी चुऱ्यात रिकामी केली आणि साखर चिमूटभर घातली. आधी चाखून बघावं तर ते उष्टं होतं, बाईंच्या आधी कुणी चाखायचं नाही, हा तुमचाच नियम.

तुम्ही वाटीमागून वाटी चाखत आलात. एकीला म्हणालात, तूप जास्त. दुसरीला, खालून करपलंय. तुमच्या लाडक्या मुलीलाही सोडलं नाहीत, तुळस कडवट लागते म्हणालात. कुणाचीच वाटी बिनखोडीची नव्हती. मग माझी आली. तुम्ही वाटी नाकाशी धरलीत, गवती चहाचा वास घेतलात, चमचा भरलात, तोंडापर्यंत नेलात आणि खिडकीकडं वळलात. पदरानं ओठ टिपलेत. म्हणालात, "वा. गोडी अगदी बरोबर झालीय. सगळ्याजणी बघा, असं करायचं." आणि मला केकचा साचा बक्षीस दिलात. मी रस्ताभर तो छातीशी धरून आले.

घरी आईनं त्याच वाटीतला पहिला घास घेतला आणि चुलीपुढं थुंकली. मी म्हणाले, अगं, बाईंनी पहिला नंबर दिला. तिनं विचारलं, "ह्ये खाल्लं का तुझ्या बाईनं?" मी म्हणाले, खाल्लं, माझ्यासमोर खाल्लं. तिनं पाण्यानं चूळ भरली, वाटी उचलली आणि बाहेर उकिरड्यावर पालथी केली. "मंग चांगलं झालं," एवढंच म्हणाली. मला रडू येत होतं ते साखर चुकल्याचं. बाकीचं कळायला मला दोनेक वर्षं लागली. कळलं त्या दिवशी मी दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नात जेवत होते. वाढणारी माझ्या ताटात पोळी हात लागू न देता वरून टाकत होती, आणि मला एकदम तुमची खिडकीकडं वळलेली पाठ दिसली.

नाही खायचं तर नव्हतं खायचं. पोट बिघडलंय म्हणायचं, उपवास आहे म्हणायचं. शिव्या दिल्या असत्यात तरी मी ऐकून घेतल्या असत्या. पण नाटक कशाला केलंत? पहिला नंबर कशाला दिलात? मला माझ्या हाताची चव कशी आहे ते हवं होतं, बाई. बाकीच्या मुलींना तुम्ही करपलंय, जास्त झालंय असं सांगितलंत, त्या शिकल्या. मला तुम्ही काही न खाता मोठं केलंत. आज गिऱ्हाईक केक छान झाला म्हणालं की मी त्याच्या गळ्याकडं बघते, घास खाली उतरला का. पोरं हसतात मला. नवरा म्हणतो, तुला कौतुक पचत नाही. पचेल कसं? एकदा तोंडावर खोटं कौतुक खाल्लंय मी.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. त्या दिवशी शाळेतही जाणार नाही, आणि हे सगळं कुणाला दाखवणार नाही. दाखवलं तर म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस, त्या बिचाऱ्या आता नाहीत.

पण एक सांगून टाकते. काल दुपारी घरात कुणी नव्हतं. मी तुमच्याच मापानं चुरा केला, आता ओव्हनमध्ये, गवती चहा घालून, आणि साखरेच्या जागी मीठ घातलं, तेवढंच. एक चमचा तोंडात घेतला. डोळ्यांत पाणी आलं, धावत बेसिनपाशी गेले. चूळ भरली आणि परत घेतला, या वेळी आरशासमोर, चेहरा न हलवता गिळता येतो का बघायला. येत नाही. अर्धा चमचा घेतला, पाव घेतला, खिडकीकडं वळून बघितलं, पदर लावून बघितलं. संध्याकाळपर्यंत माझी जीभ सोलून निघाली होती. तुम्ही खाल्लं नाहीत हे मला आधीपासून ठाऊक होतं, ते शोधायला मी बसले नव्हते. पोरीचं तोंड पडू नये म्हणून बाईंनी गिळलं असेल, असं म्हणता यावं, निदान एकदा तरी ते गिळणं मला जमावं, म्हणून मी चमचा भरत होते.