चेहरा मागाहून

ता. ३ मार्च

चि. रंगोबास अनेक आशीर्वाद.

तू काढलेलं बाळाच्या बारशाचं चित्र माणसाबरोबर पाठवलंय, पोचल्याचं कळव. तीस वर्षांच्या धुरानं गुरुजींचं पांढरं उपरणं पार तपकिरी झालंय. तूच पुसून दे, दुकानदारांवर माझा भरवसा नाही. चेहऱ्याला मात्र जप. माझी छकुली एकवीस दिवसच जगली, तिचा एक फोटो नाही. काय आहे ते हेच. तुझे भावोजी भिंतीवरच्या रिकाम्या चौकोनाकडे बघत जेवतात.

तू वेळेवर जेवत जा. ब्रश धुतलेलं पाणी चहा समजून पिऊ नकोस, तुझा काही नेम नाही.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

उपरणं पांढरं झालं, तीर्थाचं भांडंही उजळलं. चेहऱ्याशी आलो आणि हात थांबला. तीस वर्षं पोटात ठेवलं, आता सांगतो. बारशाच्या दिवशी मी सगळ्यांची रेखाटनं केली, तुझ्या बोटांचीसुद्धा. बाळ दुपट्यात गुरफटून झोपलं होतं. चेहरा मी नेहमी शेवटी करतो. म्हटलं, बाळ कुठं पळून जातंय, मागाहून निवांत बघू. मग ती गेली. तू चित्र मागितलंस, तेव्हा नाही म्हणायची छाती झाली नाही. माझ्या खोलीखाली चौकटी करणाऱ्या सुताराची मुलगी महिन्याची होती, तिला समोर ठेवून चेहरा भरला. तू चित्र छातीशी धरून रडलीस, आणि मी चपला घालून निघून आलो.

मी तुला फसवलं, ताई. आता नाक, कान, जिवणी आठवून लिही, तिचा खरा चेहरा काढून देतो. हवं तेवढं रागाव, पण उत्तर धाड.

तुझा अपराधी,
धाकटा

ता. २ एप्रिल

चि. रंगोबास आशीर्वाद.

तुझ्यावर रागवायचं ठरवून बसले, ते जमेना. नाक आठवायला गेले, तर तुझ्या चित्रातलंच नाक आलं. डोळे मिटले तरी सुताराचीच मुलगी. मला एकदाही शंका आली नव्हती रे. नऊ महिने पोटात वाढवलेली पोर, आईला ओळखू यायला नको? तू बघितलंच नाहीस, मी बघून विसरले. तुझ्याहून माझाच गुन्हा मोठा. तुझ्या भावोजींना काय आठवतं, ते विचारायचं धाडस होत नाही.

चेहऱ्याला हात लावू नकोस, आहे तसं पाठव. ती मुलगी आता तिशीची असेल. कुठं असते, बरी आहे का, एवढी चौकशी करून कळव. माझं नाव मात्र काढू नकोस.

तुझ्यावरची माया होती तेवढीच आहे.
तुझी ताई