खुरप्याची मान

बाबा, आज दुकानात खुरप्यांसमोर मी अर्धा तास उभा होतो. तुमची नात कॉलेजच्या सुट्टीवर घरी आलीय. आल्या आल्या तिने गॅरेजमधून तुमचा मेटल डिटेक्टर काढला, नवे सेल घातले आणि मला फर्मान सोडलं, "बाबा, आय नीड अ डिगर. चीप चालेल, बट आजोबा सेड, चेक द नेक." तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. तुमचं वाक्य तिला अजून पाठ आहे. मला तुम्ही इथे आलात त्या वर्षातलं माझंच एक वाक्य आठवत राहतं.

आई गेली आणि तुम्ही सहा महिने टेक्सासमध्ये, प्लेनोला आमच्याकडे राहायला आलात. आम्ही दोघं ऑफिसला, नात शाळेत, तुम्ही दिवसभर घरात एकटे. म्हणून मी तो डिटेक्टर आणला. खणायला काय घ्यायचं ते मात्र तुम्ही ठरवलंत. उभा जन्म आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवण्यात गेलेला माणूस, दहा मिनिटांत आटपेल असं मला वाटलं होतं. तुम्ही एकेक खुरपं उचलून पात्यावर टिचकी मारताय, कानाशी नेताय, आणि मी घड्याळ बघतोय. शेवटी मी दातेरी धारेचा एक महागडा सुरा पुढे केला, खास डिटेक्टरवाल्यांसाठी बनवलेला. तुम्ही तो उलटापालटा करून ठेवून दिलात. "हा नुसता नट्टापट्टा. आधी मान बघायची. पातं मुठीला जोडलंय तिथे नुसता वेल्डिंगचा टाका मारलेला असला, की पहिल्या दगडाला वाकलंच समज. एकसंध घे, मग स्वस्त का असेना." तळाच्या टोपलीतून तुम्ही एक लांब, अरुंद खुरपं शोधून काढलंत, एका पिझ्झापेक्षा स्वस्त. घरी येऊन त्याच्या एका कडेला कानशीने दाते पाडलेत, मुळं कापायला. गवतात हरवू नये म्हणून मुठीला लाल टेप गुंडाळलीत. रुंद का नको म्हणून विचारलं तर म्हणालात, "इथली माती बघितलीस का? आपल्यासारखीच काळी आहे. रुंद पात्याला चिकटून बसते." सात वर्षं राहून मी इथली माती पाहिली नव्हती.

पार्कात खणायला चालतं का, हे तुम्ही मला आधी पार्कच्या ऑफिसात फोन करून विचारायला लावलंत. चालतं म्हणाले. मग नात शाळेतून आली की तुम्ही दोघं पार्कात. गवताला तीन बाजूंनी काप द्यायचा, डब्याचं झाकण उघडावं तसं ते उलटं करायचं, माती जुन्या पंचावर काढायची, आणि काम झालं की सगळी परत भरून, पायाने दाबून वर पाणी घालायचं. मिळायचं काय, तर बाटल्यांची बुचं, कॅनच्या कड्या, एकदा खेळण्यातली मोटार. "आजोबा, इट्स बीपिंग!" ही तिची हाक घरापर्यंत ऐकू यायची. आई गेल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही दुसऱ्यांदा भात मागून घेत होतात.

माती मी खाल्ली ती एका शनिवारी. माझ्या ऑफिसातला सीनियर त्याचा कुत्रा फिरवायला तिथे आला होता. तुम्ही गुडघ्यांवर बसलेले, कानाला मफलर, हातात चेपलेला कॅन. "हे, इज दॅट युअर डॅड? व्हॉट्स ही लुकिंग फॉर?" त्याने हसत विचारलं. बास, एवढंच. मी खांदे उडवून विषय बदलला. घरी आलो आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "बाबा, उद्यापासून खणणं बंद. शेजारच्यांनी कम्प्लेंट केलीय. पोलीस आले तर तुमच्या व्हिसाचा प्रॉब्लेम होईल, माझ्या ग्रीन कार्डचाही."

"पण आपण विचारलं होतं ना?"

"आता नाही म्हणतायत."

तुम्ही डिटेक्टर पुसून गॅरेजमध्ये ठेवून आलात. इथे आपल्या माणसाला गप्प करायला 'ग्रीन कार्ड' हे दोन शब्द पुरतात, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पाण्याची बादली घेऊन पार्कात गेलात आणि खणलेली एकेक जागा पुन्हा दाबून आलात. खुरपं स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकलंत. पोरांनी कानस जमिनीवर ठेवली तरी ओरडणारे तुम्ही! उरलेले दोन महिने खिडकीशी बसून काढलेत. नात ओढायला लागली की "गुडघे दुखतात गं" म्हणायचात. मला दोनदा म्हणालात, "त्या शेजाऱ्यांकडे घेऊन चल मला. मी स्वतः सॉरी म्हणतो. तुला त्रास नको व्हायला." पहिल्यांदा मी सांगितलं, ते बाहेरगावी गेलेत. दुसऱ्यांदा सांगितलं, घर विकून गेले. तुम्ही परत गेलात आणि दोन वर्षांत सगळंच संपलं.

आज मी एकसंध खुरपं आणलं. पात्यावर टिचकीही मारली, पण मला काही कळलं नाही. पोरगी खूश आहे. मघाशी तिने विचारलं, "व्हाय डिड आजोबा स्टॉप?" मी म्हटलं, गुडघे. तिला खरं सांगायची हिंमत अजून झालेली नाही, आणि हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून इथेच लिहितो. बाबा, तुम्ही ज्या घरी माफी मागायला निघाला होतात, ते घरच नव्हतं. तक्रार कुणी केलीच नव्हती. मला तुमची लाज वाटली होती.