पार्स्लीची अकरा रोपं

१२ एप्रिल
आज किल्ल्याच्या बागेत रुजू झाले. नऊ चौकोनी वाफे, भोवती विलोच्या फांद्यांचं विणलेलं कुंपण, मध्ये विहीर. सगळं सहाशे वर्षांपूर्वीसारखं. प्लास्टिकची दोरीसुद्धा चालत नाही. मातीचा सामू ७.२, निचरा उत्तम. मी खूश आहे. माझ्याबरोबर पेरीन नावाची मुलगी आहे. तिचं शिक्षण झालेलं नाही, सगळं आईकडून शिकलेली. शरद ऋतूत कायमची जागा दोघींपैकी एकीलाच मिळेल. ठरवतील ते मुख्य माळी, आन्सेल्म.

६ मे
माझ्या वाफ्यात पार्स्लीची उगवण शून्य. बी तेच, खोली तीच, पाणी तेवढंच. पेरीनचा वाफा दाट हिरवा. आन्सेल्म तिथे पंधरा मिनिटं रमले. माझ्याकडे फिरकले नाहीत. पेरीन म्हणाली, "पट्टी लावून मोजतेस ना, म्हणून वर यायला लाजतात गं तुझी रोपं." सगळे हसले. मीही.

९ मे
ती जेवायला गेली असताना तिची अकरा रोपं उचलून माझ्या वाफ्यात लावली. प्रत्येक रोप दाबताना तिचं हसू डोळ्यांपुढे होतं.
आन्सेल्मनी ताजी माती ओळखली. रागावले नाहीत, पांढरे पडले. इकडे पार्स्ली पेरतात. रोप कुणी हलवत नाही. "पोरी, लावताना मनात जो असतो, त्याला पार्स्ली घेऊन जाते." मनात कोण होतं, असं विचारलं. कुणी नाही, असं मी सांगितलं.

२१ मे
अकराही जगली. रोज चार मिलिमीटर वाढ. पेरीन अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टरांना काही सापडत नाही. आन्सेल्म तिच्यासाठी स्वतः सूप करून नेतात. माझी रोपं पाहायला अजून आलेले नाहीत.

२ जून
रोपं बारा सेंटिमीटर. पेरीन एक्केचाळीस किलोवर आली. आन्सेल्म म्हणाले, अकराही होती तिथे परत लाव, म्हणजे ती सुटेल. फक्त लावताना कुठलाही माणूस मनात आणू नकोस.
ती सुटली, तर जागा तिचीच. मी थांबले.

५ जून
पेरीनची आई फाटकाशी भेटली. लेक विचारतेय म्हणाली, माझ्या वाफ्याला पाणी कोण घालतं? मी घालते, म्हटलं. खोटं.

६ जून, सकाळ
वही शेजारी ठेवून पेरीनच्या वाफ्यात परत लावतेय. मनात फक्त आकडे. सात झाली.
आठवं लावताना आन्सेल्म मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "नीट लावतेस." पहिल्यांदाच. आणि मनात आलं — आता मला, जागा मला —
मला.
मनात माणूस आला, मीच. बोटं गार पडलीत. तीन उरली. सोडली तर पेरीन — लावली तर —
नववं हातात आहे. आकडे. फक्त आकडे. चार, आठ, बा— मनात